जिंडाबाईन सोडायचं, पण जायचं कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातला पंचविशीचा मुलगा. सोडतीत नंबर लागून ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा मिळाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचला आणि न्यू साउथ वेल्सच्या बर्फाळ डोंगरातल्या जिंडाबाईन या स्कीइंगच्या गावी एका हॉटेलात किचनहँड म्हणून लागला. आता सप्टेंबर संपत आलाय, बर्फ उतरतोय, ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला स्कीइंगच्या लिफ्ट बंद होतील. बॉस म्हणतो, उन्हाळाभर थांब. खोलीतली गँग उत्तरेतल्या केर्न्सला निघालीय. त्यातला इंग्रज दोस्त सांगतो की शेतात राबायची काही गरज नाही, दुसऱ्या वर्षाचा व्हिसा असाच मिळतो. "ताई, कुणाचं ऐकू?"

मी या डोंगरात बरेच हंगाम हाउसकीपिंग आणि स्टाफच्या राहण्याची व्यवस्था बघितलीय. दर वर्षी याच दिवसांत हाच घोळ बघते. माझं उत्तर असं की तिघांपैकी कुणाचंच ऐकू नकोस. त्यांची बुद्धी वाईट नाही, पण त्यांचा पासपोर्ट वेगळा आहे, आणि बॉसला पासपोर्टशी घेणं-देणं नाही.

आधी त्या इंग्रज दोस्ताचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याच्या सल्ल्यानं होईल. तो खोटं बोलत नाहीये. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना १ जुलै २०२४ पासून दुसऱ्या आणि तिसऱ्या व्हिसासाठी ठरावीक काम करण्याची अट राहिलेली नाही. त्यांचा व्हिसा ४१७ क्रमांकाचा, आपला ४६२. भारतीयांसाठी ही दारं उघडली तीच २०२४ मध्ये, वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, आणि पहिल्या व्हिसासाठी सोडत. दुसऱ्या व्हिसाला पुन्हा सोडतीत नाव घालावं लागत नाही, ही मोठी सोय आहे. मात्र त्यासाठी पहिल्या वर्षात तीन महिने ठरावीक प्रकारचं काम, ठरावीक भागात, पगारी आणि कागदोपत्री केलेलं असावं लागतं. पूर्णवेळ धरलं तर ते ८८ दिवस होतात. चार महिने भांडी घासलीस ती यात धरली जात नाहीत. हॉटेल-पर्यटनातलं काम ४६२ साठी मोजतात ते उत्तर ऑस्ट्रेलियात किंवा सरकारनं 'दुर्गम' म्हणून यादीत घातलेल्या पिनकोडांत. जिंडाबाईन, थ्रेडबो, पेरिशर कितीही आडबाजूला वाटली तरी त्या यादीत नाहीत. हे ऐकून दर वर्षी कुणाचा तरी चेहरा पडतो. यादी होम अफेअर्सच्या (व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याच्या) संकेतस्थळावर आहे. कुठलंही काम घेण्याआधी तिथला पिनकोड त्या यादीत स्वतः बघायचा, कंत्राटदाराच्या तोंडी भरवशावर राहायचं नाही.

आता बॉस. उन्हाळ्यात जिंडाबाईन सुंदर असतं, यात वाद नाही. तळ्यात ट्राउट मासे, थ्रेडबोला माउंटन बाइकवाले, कोसिउस्को शिखराच्या २,२२८ मीटरच्या माथ्यावर चपला घालून चढणारी कुटुंबं. ऑक्टोबरात खोल्या रिकाम्या होतात, भाडं उतरतं, आणि चार महिने सहा जणांच्या खोलीत झोपलेल्या माणसाला स्वतःची खोली म्हणजे राजवाडा वाटतो. तिथंच माणूस अडकतो. खोली स्वस्त होते कारण गावात काम उरत नाही. हिवाळ्यात आठवड्याला चाळीस तास देणारं हॉटेल नोव्हेंबरात पंधरा तास देतं, ते पण शनिवार-रविवारचे, लग्न असेल तर. शिवाय तुझ्या व्हिसावर एका ठिकाणी एका मालकाकडं सहा महिन्यांच्या वर काम करता येत नाही. तू जूनमध्ये लागलास, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला ती मुदत संपते. तोपर्यंत आठ आठवडे अर्धपोटी शिफ्ट केल्यास हाती काय येईल? बॉसचा फायदा उघड आहे, लग्नांच्या हंगामापर्यंत त्याला शिकवलेला माणूस मिळतो. प्रेमानं नाही म्हण.

केर्न्सचा बेत गँगच्या दृष्टीनं वाईट नाही. पोहतील, बिअर पितील, प्रवाळांचा रीफ बघतील. तुझ्या बाबतीत पुढचा हिशेब मांडावा लागतो. उत्तरेतलं हॉटेलकाम तुझ्या ८८ दिवसांत धरतात, म्हणून कागदावर केर्न्स आकर्षक दिसतं. पण उत्तरेतला कोरडा हंगाम आणि इथला बर्फाचा हंगाम एकाच वेळी चालतात. मे ते ऑक्टोबर तिथं गर्दी, नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. त्या महिन्यांत समुद्रात विषारी जेलीफिश असतात, किनाऱ्यावर जाळी लावतात, चक्रीवादळांचा काळ असतो, आणि पर्यटक दक्षिणेकडं वळतात. म्हणजे बर्फ संपल्यावर उत्तरेला जाणारा माणूस नेमका तिथला हंगाम संपताना पोचतो. हॉस्टेलात दर दुसरा माणूस काम शोधत असतो, कॅफेवाला आठवड्याला दोन शिफ्ट देतो, आणि दोन शिफ्टचा आठवडा म्हणजे पूर्ण आठवडा धरत नाहीत. डार्विन-कॅथरीनकडं आंब्याचा तोडा साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो, बोवेनला नोव्हेंबर-डिसेंबर. ते काम खरं आहे आणि मोजलंही जातं, पण एक तर थोडक्या आठवड्यांचं, दुसरं म्हणजे त्या दमट उकाड्यात. आंब्याच्या चिकानं कातडीची काय गत होते हे कोकणातल्या कुणाही माणसाला विचार. उत्तरेला जरूर जा, पण एप्रिलमध्ये. त्याबद्दल खाली लिहिते.

काही जण विचारतात, इथला बर्फ संपला की जपान किंवा कॅनडाच्या बर्फात का जाऊ नये? तुझ्या हॉटेलातले निम्मे लिफ्टी (स्कीइंगच्या लिफ्ट चालवणारे) तेच करतात, सलग दोन हिवाळे. भारतीय पासपोर्टवर तो रस्ता बंद आहे, कारण त्या दोन्ही देशांशी आपला असा करार नाही. त्यात वेळ घालवू नकोस.

मग तुझा रस्ता कुठला? तू प्रश्नात एक गोष्ट ओझरती लिहिलीस की घरी चार एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे आणि लहानपणापासून थिनिंग (घड विरळ करणं), डिपिंगला (घड औषधात बुडवणं) हात लावलाय. अरे, ही ओळ खाली दडवायची नव्हती, पहिल्याच ओळीत लिहायची होती! स्वयंपाकघरात तू इतर चारशे पोरांसारखाच एक आहेस. पण द्राक्षाच्या घडाला कात्री लावता येणारा माणूस व्हिक्टोरियाच्या वायव्य कोपऱ्यात लागतो आणि तो त्यांना सहज मिळत नाही.

मिल्डुरा आणि रॉबिनव्हेलचा तो पट्टा सनरेझिया म्हणून ओळखला जातो. १८८७ मध्ये चॅफी बंधूंनी मरे नदीचं पाणी उचलून माळरानावर ही वस्ती वसवली, आणि आज ऑस्ट्रेलियातल्या खायच्या द्राक्षाचा मोठा हिस्सा तिथून येतो. थॉमसन आहे, क्रिमसन आहे, मेनिंडी सीडलेस आहे. तुला एक गोष्ट सवयीची करावी लागेल: तिथं आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी (काडी तयार करायला) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) असा दुहेरी प्रकार नाही. वेल थंडीत खरोखर झोपतो, पानं गाळतो, म्हणून छाटणी एकदाच, हिवाळ्यात. ऑक्टोबर ते डिसेंबर फुटवे काढणं, पानं काढणं, घड विरळ करणं आणि सारखे करणं, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तोडा आणि पॅकिंग. म्हणजे तू बर्फातून उतरतोस त्याच सुमाराला तिथं विरळणीची माणसं घेतात. तुझ्या घरी त्याच वेळी गोडी छाटणी झालेली असेल, आई-बाबांना फोनवर सांगायला विषय मिळेल.

शेतीतलं काम ४६२ साठी मोजलं जातं आणि सनरेझिया शेतीकामासाठीच्या वेगळ्या 'प्रादेशिक' यादीत बसतो. वर शेतीच्या कामाला एका मालकाकडं सहा महिन्यांची मर्यादाही लागू नाही. आता मागं मोजत जा. व्हिसा जूनच्या सुरुवातीला संपतो. ८८ दिवस म्हणजे कागदावर तीन महिने, पण पाऊस, उष्णतेची लाट, विरळणी संपून तोडा सुरू होईपर्यंतचा भाकड आठवडा, नाताळ, हे सगळं धरता चार महिने हाताशी ठेवायचे. नोव्हेंबरच्या मध्याला सुरू केलंस तर मार्च अखेर तू निर्धास्त. फेब्रुवारीत सुरू करणारे मेमध्ये रडकुंडीला येतात, आणि मग कुणीतरी त्यांना "दिवस विकतो" म्हणून गाठतो. पैसे घेऊन खोट्या पगारपावत्या देणारे असतात. त्या वाटेला जाऊ नकोस. पकडलं गेलं तर हा व्हिसा जातोच, पुढच्या प्रत्येक देशाच्या अर्जात ते लिहावं लागतं.

आता त्या भागाची काळी बाजू. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, काम पहाटे उजाडायच्या आत सुरू होतं. माश्या इतक्या की तोंडावर जाळी बांधून काम करतात. राहायला वर्किंग हॉस्टेल, आणि तिथंच फसवणुकीची मुळं. नेहमीची पद्धत अशी: हॉस्टेलवाला फोनवर सांगतो की काम तयार आहे, दोन आठवड्यांचं भाडं आगाऊ भर. पोचल्यावर कळतं की काम "पुढच्या सोमवारी". म्हणून भाडं एका आठवड्याच्या वर आगाऊ देऊ नकोस, आणि जाण्याआधी शेताचं नाव, गावाचं नाव आणि मालकाचा एबीएन (व्यवसायाचा सरकारी नोंदणी क्रमांक) माग. जो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडं जायचंच नाही. व्हिक्टोरियात मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी लेबर हायर अथॉरिटीच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. दोन मिनिटांचं काम आहे. न्यू साउथ वेल्समध्ये असा परवानाच नाही, त्यामुळं तिकडं जास्त सावध राहावं लागतं.

मजुरीचं गणित नीट समजून घे. जुलै २०२५ मध्ये देशाचं किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं आणि कॅज्युअल, म्हणजे पक्के तास नसलेल्या, माणसाला त्यावर २५ टक्के जास्त. शेतात बऱ्याचदा ताशी न देता पेटीवर किंवा वेलीवर पैसे देतात. पूर्वी यात नवखा माणूस दिवसभर राबून चहापाण्याचे पैसे घेऊन यायचा. २८ एप्रिल २०२२ पासून नियम असा आहे की पेटीवर काम असलं तरी जितके तास भरलेस तितक्या तासांची किमान मजुरी मिळालीच पाहिजे, आणि मालकानं तास लिहून ठेवले पाहिजेत. तूही लिही. रोज रात्री मोबाइलमध्ये सुरुवात, सुट्टी, शेवट. भांडण झालं तर फेअर वर्कचा (मजुरीच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाचा) नंबर १३ १३ ९४. इंग्रजी अडखळत असेल तर १३१ ४५० वर दुभाषा मिळतो, हिंदी तर नक्कीच. तक्रार केल्यानं व्हिसा रद्द होतो ही मालकांनी पसरवलेली भीती आहे.

द्राक्ष नको असेल, किंवा ऑक्टोबरातच काम हवं असेल, तर कॉफ्स हार्बर-वूलगूलगाचा ब्लूबेरीचा पट्टा आहे. तिथं वसंतात जोर असतो. वूलगूलगात शीख शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, गुरुद्वारा १९६८ पासूनचा, लंगरात जेवायला कुणी नाव विचारत नाही. पण ब्लूबेरी सगळी बोटांच्या वेगावर चालते आणि तुझा हात द्राक्षाचा. मी तुझ्या जागी असते तर मिल्डुराच धरलं असतं. यंग गावची चेरी नोव्हेंबर-डिसेंबरात असते. फोटोत छान दिसते, पण एका पावसात फळ तडकतं आणि अख्खा आठवडा बसून काढावा लागतो.

हंगाम संपणं आणि विरळणीचं काम सुरू होणं यात काही आठवडे मोकळे राहतील. ते सिडनी किंवा मेलबर्नला काढ. मेलबर्नला नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपची घोड्यांची शर्यत असते, त्या आठवड्यात केटरिंगवाले अक्षरशः रस्त्यावरून माणसं उचलतात. तुझ्या हातात चार महिन्यांचा स्वयंपाकघराचा अनुभव आहे. मात्र दारू वाढायचं आरएसए प्रमाणपत्र तू न्यू साउथ वेल्सचं काढलंयस, ते व्हिक्टोरियात तसंच्या तसं चालत नाही, आधी विचारून घे. दिवाळी याच दिवसांत येते. दोन्ही शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, फराळ मिळेल. आणि काम मिळवून द्यायला मंडळापेक्षा तुझा शेफ जास्त उपयोगी पडेल, त्याच्याकडून मेलबर्नमधल्या दोन स्वयंपाकघरांची नावं घेऊन ठेव.

आता निघण्याआधीची कामं. इथं मी जरा कडक होते, कारण शेवटच्या आठवड्यात सगळे पार्टीत असतात आणि नंतर मला मेसेज करतात.

पगारपावत्या आजच उतरवून घे. बहुतेक हॉटेलांत त्या स्टाफच्या ॲपवर असतात आणि करार संपला की लॉगिन बंद होतं. त्यावर कर किती कापलाय तेही बघ. आपल्या व्हिसावर पहिल्या ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के कर असतो, पण मालकानं तशी नोंदणी केलेली नसेल तर त्याहून जास्त कापला जातो. ते पैसे विवरणपत्र भरल्यावर परत येतात, पण ३० जूनला वर्ष संपल्यावर. सुपर, म्हणजे निवृत्तीसाठी मालकानं भरायची रक्कम, जुलै २०२५ पासून पगाराच्या १२ टक्के आहे. प्रत्येक नव्या मालकाला तुझं आताचंच खातं दे, नाहीतर तीन ठिकाणी तीन खाती आणि तिन्हीकडं फी. देश सोडून व्हिसा संपल्यावर ती रक्कम काढता येते, पण आपल्या व्हिसावर त्यातले ६५ टक्के करात जातात. हे माहीत नसताना पोरं त्या आकड्यावर घरी ट्रॅक्टरचे बेत सांगून बसतात.

राहण्याची जागा स्टाफची असेल तर करार संपल्यावर किती दिवसांत सोडायची ते लेखी विचार. बरेचदा दोन-तीनच दिवस देतात. डिपॉझिट कापायला खोलीची अवस्था हे नेहमीचं कारण, म्हणून रिकाम्या खोलीचे, गादीचे, बाथरूमच्या कोपऱ्यांचे फोटो तारखेसकट काढ. बाहेर भाड्यानं राहत असशील आणि रीतसर भाडेकरार असेल तर बॉन्ड (अनामत रक्कम) सरकारकडं जमा झालेला असायला हवा, आणि तो परत मागायचा अर्ज तूच करायचा. घरमालक करेल म्हणून थांबू नकोस.

गाडी घ्यायचा मोह होईल. जिंडाबाईनमध्ये ऑक्टोबरात परत जाणारे लोक गाड्या मातीमोल विकतात आणि मिल्डुऱ्यात गाडीशिवाय शेतावर पोचणं कठीण आहे, त्यामुळं मोह रास्त आहे. पण डोंगरातल्या गाडीला खालून गंज आणि क्लच संपलेला, हे ठरलेलं. मेकॅनिककडून तपासून घे, रेगो (गाडीची नोंदणी) किती महिन्यांचा शिल्लक आहे बघ, आणि १४ दिवसांत नावावर करून घे. दुसरं राज्य असेल तर रेगो हस्तांतरणाची भानगड वाढते. तू व्हिक्टोरियात जाणार, तर शक्यतो तिथल्याच नंबरची गाडी मेलबर्नला शोध. लायसन्सचंही आहेच. न्यू साउथ वेल्समध्ये सहा महिन्यांच्या वर राहणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावाल्याला परदेशी लायसन्सवर चालवता येत नाही, आणि भारतीय लायसन्सला लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. राज्य बदललंस की तिथला नियम बघ. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात, वागा वागाच्या पुढं स्टर्ट हायवेवर तर फारच. त्या वेळी गाडी चालवूच नकोस.

आणि हो, मिल्डुऱ्याच्या वाटेवर फळं बरोबर नेऊ नकोस. फळमाशीमुळं त्या भागात फळं आणायला निर्बंध असू शकतात.

आरोग्याचं एवढंच सांगते: भारताशी मेडिकेअरचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) करार नाही. हॉटेलनं बर्फातल्या अपघातासाठी काही विमा काढला असेल तर तो नोकरीबरोबर संपला. स्वतःचा विमा चालू ठेव, शेतात कात्रीनं बोट कापलं जाणं रोजचं आहे. कामावरच्या इजेला मालकाचा वर्ककव्हर विमा असतो, पण तो तू कागदोपत्री कामाला असशील तरच, रोखीवर नाही.

एप्रिलमध्ये तोडा संपेल तेव्हा तुझे दिवस भरलेले असतील आणि उत्तरेतला कोरडा हंगाम उघडत असेल. तेव्हा डार्विन, ब्रूम किंवा केर्न्स. हॉटेलवाले त्या वेळी खरोखर माणसं शोधतात. दुसऱ्या व्हिसाचा अर्ज पहिला संपायच्या आत, देशात असताना केलास तर निकालापर्यंत ब्रिजिंग व्हिसावर थांबता येतं. दुसऱ्या व्हिसावर केलेलं उत्तरेतलं हॉटेलकाम तिसऱ्या व्हिसासाठीच्या सहा महिन्यांतही मोजलं जातं, म्हणून तिथल्या पावत्याही जपून ठेव.

उत्तरेऐवजी पुन्हा बर्फात यायचं असेल तर तेही जमतं. नवा व्हिसा म्हणजे त्याच मालकाकडं नवे सहा महिने. पण रिसॉर्टची भरती उन्हाळ्यातच सुरू होते आणि मार्चपर्यंत चांगल्या जागा भरतात, त्यामुळं अर्ज मिल्डुऱ्यातून, तोड्याच्या गडबडीतच करावा लागेल. म्हणून बॉसला आता सांगताना दोन आठवडे आधी सांग, कारण खरं सांग, आणि त्याच वेळी शिफारसपत्र मागून घे. शेफचा खासगी मोबाइल नंबर त्या पत्रावर असू दे, हॉटेलचा नको. नोव्हेंबरात हॉटेलचा फोन कुणी उचलत नाही.